आधी तेल, मग बॉल: टेनपिन बोलिंगमध्ये लेनप्रमाणे बॉल निवडायचा आणि जुळवून घ्यायचा कसा

लीगच्या संध्याकाळी एक गोष्ट हमखास घडते. पहिल्या गेमला १९० गुण करणारा माणूस तिसऱ्या गेमला १४० वर येतो आणि खुर्चीत टेकून म्हणतो, "आज हातच बसत नाहीये." हात बसलेला असतो, बॉलही तोच असतो. बदललेलं असतं ते लेनवरचं, म्हणजे बॉल टाकतो त्या पट्टीवरचं, तेल. ते दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. मग पुढच्या शनिवारी नवा, महागडा, आणखी जोरात वळणारा बॉल घेतला जातो आणि दुखणं आहे तिथेच राहतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: नव्या बॉलचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी उभं राहण्याची जागा बदलून बघा, मग बॉलचा पृष्ठभाग, मग पिशवीतला दुसरा बॉल. एवढं करूनही भागलं नाही तर दुकान आहेच. पुढचं सगळं उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

तेल कुठे असतं आणि किती

फाउल लाइनपासून (बॉल टाकताना पायाने ओलांडायची नाही ती रेषा) पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट लांब आणि साधारण साडेएक्केचाळीस इंच रुंद असते. या रुंदीत ३९ पट्ट्या असतात, त्यांना बोर्ड म्हणतात. आपण उजव्या गटरपासून, म्हणजे कडेच्या खाचेपासून, मोजतो. म्हणून विसावा बोर्ड बरोबर मधला आणि त्याच्या समोर हेड पिन, म्हणजे सगळ्यात पुढची, एक नंबरची पिन. साधारण १२ ते १६ फुटांच्या पट्ट्यात सात ॲरो असतात, दर पाचव्या बोर्डावर एक. दुसरा ॲरो म्हणजे दहावा बोर्ड, तिसरा म्हणजे पंधरावा. हे आकडे पाठच हवेत, कारण बोलिंगमधली सगळी बोलणी याच आकड्यांत होतात.

तेल ओतायला मशीन असतं. ते लेनवरून चालत जातं आणि ठरलेल्या आराखड्याप्रमाणे तेलाचा थर देतं. एका लेनवर एकूण तेल किती? बहुतेक वेळा २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. तेवढंच तेल तीनेक फूट रुंद आणि चाळीसेक फूट लांब पसरलेलं असतं. थर इतका पातळ की बॉल दहा-बारा वेळा त्याच रेषेवरून गेला तरी तिथला नूर बदलतो. पाटावर पावडर टाकून कॅरम खेळताना स्ट्रायकर जिथून सारखा जातो तिथे थोड्या वेळाने पाट धरायला लागतो ना, तसंच.

रोजच्या लीगसाठी टाकतात त्या आराखड्याला हाउस पॅटर्न म्हणतात. त्याची लांबी बहुधा ३८ ते ४२ फूट. मधल्या बोर्डांवर तेल भरपूर, गटरकडच्या बोर्डांवर अगदी थोडं. फरक आठपट-दहापट असू शकतो. त्यामुळे बॉल जरा बाहेर, म्हणजे गटरकडे, गेला तर कोरड्यावर पकड घेऊन परत येतो, जरा आत, मध्याकडे, गेला तर तेलावर घसरून खिसा, म्हणजे पिनांमधली नेमकी फट, धरतो. चूक पोटात घालणारा पॅटर्न आहे हा. स्पर्धेच्या 'स्पोर्ट' पॅटर्नमध्ये हा फरक तीनपटीच्या आसपास आणला जातो. तिथे तीच चूक थेट स्प्लिट, म्हणजे मध्ये फट पडून उरलेल्या पिन, देते. हाउस पॅटर्नवर २०० ची सरासरी असलेला खेळाडू स्पोर्ट पॅटर्नवर १७० ला अडखळतो तो यामुळेच. त्याचा खेळ एका रात्रीत बिघडलेला नसतो.

पॅटर्न संपला की पुढचे अठरा-वीस फूट कोरडे असतात. बॉलचं वळण मुख्यतः तिथेच दिसतं.

बॉल जाताना काय करतो ते बघायला शिका

हातातून सुटलेला बॉल आधी घसरतो, मग वळायला लागतो आणि शेवटी स्वतःच्या दिशेने सरळ गडगडतो. घसरणं, वळणं, गडगडणं असे हे तीन टप्पे. स्ट्राइकसाठी, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिन पाडायला, बॉल हेड पिन आणि तिच्या उजव्या मागच्या तीन नंबरच्या पिनमधल्या खिशात, साडेसतराव्या बोर्डाच्या आसपास, शिरायला हवा. शिरण्याचा कोन सहा अंशांच्या जवळ असला तर सगळ्यात उत्तम. आणि खिशात पोचेपर्यंत गडगडण्याचा टप्पा नुकताच सुरू झालेला असावा. फार आधी सुरू झाला तर बॉलचा दम वाटेतच संपतो.

पिन किती पडल्या याकडे सगळेच बघतात. तुम्ही ३५ ते ४५ फुटांच्या पट्ट्यात बॉल काय करतो ते बघा. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आधी स्वतःचा हात मोजा

दुकानदार 'हा बॉल खूप हुक होतो', म्हणजे वळतो, म्हणतो तेव्हा तो कुणाच्या हातून हे सांगत नाही. तोच बॉल दोन माणसांच्या हातून दोन वेगळ्या जातीचा वाटतो. म्हणून खरेदीआधी दोन आकडे काढा. त्यासाठी फोन पुरे.

वेग: बॉल फाउल लाइन ओलांडतो तिथपासून हेड पिनला लागेपर्यंतचा वेळ व्हिडिओवरून काढा. २.४ सेकंद लागले तर सरासरी वेग ताशी १७ मैल, म्हणजे सत्तावीस किलोमीटरच्या थोडा वर. स्क्रीनवर दिसणारा वेग बहुतेक ठिकाणी पिनजवळ मोजलेला असतो, म्हणून तो सुटतानाच्या वेगापेक्षा कमी दिसतो. त्यावर नाराज व्हायचं कारण नाही.

फेरे: बॉलवर पांढऱ्या टेपची एक पट्टी चिकटवा आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मागून शूट करा. टेपचा एक पूर्ण फेरा किती फ्रेममध्ये होतो ते मोजा आणि १४,४०० ला त्या आकड्याने भागा. ४८ फ्रेम लागल्या तर मिनिटाला ३०० फेरे. हाच तुमचा रेव्ह रेट.

सतराच्या आसपास वेग आणि तीनशेच्या आसपास फेरे असलेला माणूस साधारण मधोमध बसतो. वेग जास्त आणि फेरे कमी असतील तर बॉलला लेन धरायला वेळच मिळत नाही. अशा हाताला खरबरीत, जोरकस बॉल लागतो. उलट फेरे चारशेच्या वर आणि वेग बेताचा असेल, तर लोकांना आवडणारे जोरकस बॉल तुमच्या हातून चाळीस फुटांवरच दमतील. दोन हातांनी टाकणारे बरेच जण या दुसऱ्या गटात येतात. ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमाँटेला बघून पोरं दोन हातांनी टाकायला शिकतात, पण बॉल मात्र मोठ्या भावाचा जुना, भरपूर घासलेला वापरतात. मग तक्रार सुरू होते.

बॉलचं कवच: सगळ्यात मोठा निर्णय

बॉलमध्ये दोन गोष्टींचं काम असतं, बाहेरचं कवच आणि आतला गाभा. जाहिरातीत गाभ्याचं चित्र मोठं छापतात. लेनला टेकतं ते कवच, आणि वळणाचा मोठा वाटा त्याचाच असतो.

पॉलिएस्टर, म्हणजे बोलीत 'प्लास्टिक', तेल शोषत नाही आणि लेन जवळजवळ धरत नाही. सेंटरमधल्या रॅकवरचे बॉल याच जातीचे. याला कमी लेखू नका: उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन काढायला यासारखा बॉल नाही, कारण तेल कसंही असो, तो सरळ जातो.

युरेथेन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. ते लवकर पकड घेतं पण हळूहळू, गोलसर वळतं. शेवटी झेप घेत नाही. छोट्या पॅटर्नवर, जिथे बाकीचे बॉल बेफाम वळतात, तिथे याला लगाम असतो. मात्र ते तेल शोषण्याऐवजी पुढे ढकलतं. त्याच लेनवर तुमच्यानंतर रिॲक्टिव्ह बॉल टाकणारा माणूस तुमच्याकडे रागाने बघेल आणि त्याचं चुकत नसेल.

रिॲक्टिव्ह रेझिन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि खेळ बदलला. त्याच्या कवचात सूक्ष्म छिद्रं असतात. ती तेल ओढून घेतात, त्यामुळे कोरड्यावर बॉल घट्ट पकड घेतो. यात तीन प्रकार. सॉलिड लवकर लेन धरतो आणि गोलसर चालतो. पर्ल जास्त लांब घसरतो आणि शेवटी झटक्यात वळतो. हायब्रिड दोघांचं मिश्रण.

गाभ्याचे दोन आकडे वाचता आले तरी पुष्कळ. आरजी म्हणजे वजन केंद्राजवळ आहे की कडेला. नियमाप्रमाणे तो २.४६ ते २.८० इंचांच्या मध्ये असतो. कमी आरजीचा बॉल लवकर फिरायला लागतो, जास्तीचा उशिरा. डिफरेन्शियल म्हणजे बॉल फिरताना त्याचा अक्ष किती सरकू शकतो. त्यामुळे दर फेऱ्याला कवचाचा ताजा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो. कमाल मर्यादा ०.०६०. उदाहरण घ्या: १५ पौंडात स्टॉर्म कंपनीच्या फेज टू बॉलचा आरजी २.४८, डिफरेन्शियल ०.०५१ आणि कवच सॉलिड. त्याच कंपनीच्या हाय-रोडचा २.५७ आणि ०.०४६, कवच हायब्रिड आणि पॉलिश केलेलं. आकड्यांतला फरक छोटा दिसतो, पण लेनवर पहिला मधल्या भागात काम सुरू करतो आणि दुसरा वाट बघून शेवटी वळतो. दोन्ही पिशवीत असले तर ते एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन्ही पहिल्याच्या जातीचे असले तर एक पिशवीत नुसतं वजन.

वजन आणि भोकं

बॉलचं कमाल वजन १६ पौंड, म्हणजे ७.२६ किलो. बहुतेक प्रौढ खेळाडूंना १४ किंवा १५ पुरतो. शरीराच्या वजनाचा दहावा भाग हा जुना हिशेब आहे, पण त्यावर विसंबू नका. तिसऱ्या गेमच्या दहाव्या, म्हणजे शेवटच्या, फ्रेमलाही वेग न घटता टाकता येतो तेवढंच वजन घ्या. एक पौंड कमी घेऊन वेग आणि सुटणं स्वच्छ राहिलं तर पिन जास्तच पडतात.

भोकं मात्र स्वतःच्या हाताच्या मापानेच हवीत. अंगठा न दाबता बॉल लटकायला हवा आणि न अडकता सुटायला हवा. अमेरिकेहून येणाऱ्या भावाला बॉल आणायला सांगणारे पुष्कळ असतात. सांगा, पण भोकं न पाडलेला आणायला सांगा किंवा आपल्या मापाचा कागद आधी पाठवा. पंधरा पौंडांचा बॉल म्हणजे त्याच्या २३ किलोच्या बॅगेतले जवळजवळ सात किलो. भोकं चुकीची निघाली तर ते ऐकून घ्यावं लागेल.

भोकं पाडताना बॉलवरचा 'पिन' नावाचा छोटा रंगीत ठिपका तुमच्या हातून सुटलेला बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्यापासून किती लांब ठेवायचा, यावर अक्ष किती सरकणार ते ठरतं. सममित गाभ्याच्या बॉलमध्ये हे अंतर ३ ३/८ इंच असलं की तो सगळ्यात जास्त सरकतो. अगदी जवळ किंवा ६ ३/४ इंचांवर नेलं की जवळजवळ थांबतो. पहिल्या बॉलला चार-साडेचार इंचांचं अंतर सांगा आणि बाकीचं ड्रिल करणाऱ्यावर सोडा.

जुना बॉल घेताय? दोन गोष्टी तपासा. बोटांखेरीज एखादं जास्तीचं भोक असेल, तर यूएसबीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या बोलिंग संघटनेच्या, मान्यताप्राप्त स्पर्धांत १ ऑगस्ट २०२० पासून ते चालत नाही, बुजवून घ्यावं लागेल. आणि हॅमर कंपनीचा जांभळा युरेथेन बॉल कुणी स्वस्तात देत असेल तर उत्पादनाचं साल विचारा; २०१६ आणि २०१७ चे बॉल यूएसबीसीने २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतून बाद केले.

पृष्ठभाग: बॉल न बदलता बॉल बदलणं

हा भाग बहुतेकांच्या खेळातून गायब असतो, आणि खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फळ इथेच मिळतं. घासायच्या पॅडचा एक संच नव्या बॉलच्या किमतीच्या तुलनेत काहीच नाही.

पृष्ठभाग किती खरबरीत आहे ते ग्रिटच्या आकड्यात सांगतात. ५०० म्हणजे खरबरीत, १००० आणि २००० मधले, ४००० म्हणजे जवळजवळ गुळगुळीत, त्यापुढे पॉलिश. खरबरीत बॉल तेलातही लेन धरतो, लवकर वळायला लागतो आणि शेवटी सौम्य होतो. गुळगुळीत बॉल लांब घसरतो आणि ताकद कोरड्या भागासाठी राखून ठेवतो. सॉलिड बॉल २००० वरून ५०० वर आणला तर तो भरपूर तेलावरही चालतो. तोच ४००० करून वर पॉलिश दिलं तर सुकलेल्या लेनवर निभावतो.

घरी करायची रीत अशी. कापडाची चुंबळ करून बॉल त्यावर बसवा, म्हणजे घरंगळणार नाही. ॲब्रेलॉनसारखं गोल पॅड पाण्यात भिजवा. तळहाताने एकसारखा दाब देत आधी गोल, मग आडवं-उभं घासा. पॅड कोरडं पडू देऊ नका. बॉल फिरवून चार बाजू तरी करा, प्रत्येकीला सारखाच वेळ द्या. दुधाळ पाणी निघेल, ते पुसून काढा. खरबरीत करायचा असेल तर थेट त्या ग्रिटवर जाता येतं. गुळगुळीत करताना मात्र पायऱ्या चढाव्या लागतात: ५००, मग १०००, मग २०००, मग ४०००. मधली पायरी गाळली तर खालचे खोल ओरखडे तसेच राहतात. बॉल वरून चकचकीत दिसतो आणि चालतो खरबरीतासारखा. हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिश पेपरने मी घासत नाही. कडक कागद गोलाईवर सारखा टेकत नाही.

घासलेला पृष्ठभाग टिकत नाही. लेनवर फिरून खरबरीत बॉल आपोआप गुळगुळीत होत जातो आणि पॉलिश केलेला निस्तेज. 'बॉल मेला' म्हणून बाजूला टाकलेले कितीतरी बॉल फक्त घासायचे राहिलेले असतात. लीगला जाण्याआधी आदल्या दिवशी पॅड फिरवायची सवय लावा. खेळ सुरू झाल्यावर मात्र हात आवरा: मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळ चालू असताना पृष्ठभाग बदललेला बॉल वापरता येत नाही.

सरावाच्या दहा मिनिटांत लेन वाचणं

बहुतेक जण सरावात स्ट्राइक मारायचा प्रयत्न करतात. सराव लेन वाचण्यासाठी आहे.

पॅटर्नची लांबी कळली असेल तर त्यातून ३१ वजा करा. येईल तो आकडा म्हणजे तेल संपताना बॉल साधारण कुठल्या बोर्डावर असावा. ३६ फुटांचा पॅटर्न असेल तर पाचव्या बोर्डाजवळ, ४२ फुटांचा असेल तर अकराव्याजवळ. हा ठोकताळा आहे, पण सुरुवात करायला उत्तम. यामागचं कारण साधं: छोट्या पॅटर्नवर पुढे कोरडी लेन पुष्कळ, बॉल लवकर वळणार, म्हणून बाहेरून आणायचा. लांब पॅटर्नवर वळायला जागाच थोडी. बॉल फार बाहेर गेला तर परत येणारच नाही. पीबीए या व्यावसायिक बोलिंगपटूंच्या संघटनेच्या, प्राण्यांची नावं असलेल्या पॅटर्नमध्ये ही दोन टोकं दिसतात: वुल्फ ३२-३३ फुटांचा, बॅजर ५२ फुटांचा. एकाच बॉलने दोन्ही खेळून बघा, बाकी काही समजवावं लागणार नाही.

लांबी माहीत नसेल तर मधल्या ताकदीचा, ओळखीचा बॉल घ्या. यालाच बेंचमार्क बॉल म्हणतात: तोच नेहमी आधी टाकायचा, म्हणजे तुलना करता येते. पहिले दोन बॉल दुसऱ्या ॲरोवरून, मग दोन पहिल्या ॲरोच्या जवळून, मग दोन तिसऱ्यावरून. वेग तोच, हात तोच. बाहेरचा परत आला का? आतला घसरत राहिला का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर हाउस पॅटर्न आहे, आराम आहे. बाहेरचा परत आलाच नाही तर तेल बाजूलाही आहे: सपाट पॅटर्न. मग सौम्य, ठरलेल्या चालीचा बॉल घ्या आणि झटक्याने वळणारा पर्ल पिशवीतच ठेवा.

बॉल कुठला, याचा ढोबळ हिशेब असा. छोटा पॅटर्न: युरेथेन किंवा कमी ताकदीचा रिॲक्टिव्ह. मधला, ताजा हाउस पॅटर्न: बेंचमार्क. लांब किंवा जड तेल: सॉलिड, ५०० ते १००० वर घासलेला. सुकत आलेली लेन: पर्ल, गुळगुळीत. स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिन दुसऱ्या बॉलने काढायला, सगळीकडे प्लास्टिक. म्हणजे सुरुवातीला तीन बॉल पुरतात: एक प्लास्टिक, एक बेंचमार्क आणि एक पर्ल. चौथा कुणी विकायला आला तर त्याला विचारा, या तिघांना जमत नाही असं कुठलं काम तो करतो?

खेळ चालू असताना

समजा ४० फुटांचा हाउस पॅटर्न आहे. सरकून थांबता तेव्हा पाय २१ व्या बोर्डावर, नजर ॲरोजवळ बाराव्यावर, बॉल तेल संपताना नवव्याच्या आसपास आणि मग खिसा. पहिला गेम मजेत जातो. दुसऱ्या गेमच्या चौथ्या फ्रेमला बॉल जरा जास्तच आत येतो आणि डावीकडची चार नंबरची पिन उभी राहते. पुन्हा टाकता, तीच पिन. हात दोषी नाही. तुमच्या रेषेवरचं तेल बॉलच्या अंगाला लागून निघून गेलंय. पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. आता २३ आणि १३. बॉल पुन्हा तेलावरून जातो, खिसा परत मिळतो. बॉल डावीकडे चुकला तर डावीकडे सरका, उजवीकडे चुकला तर उजवीकडे, एवढं ध्यानात ठेवा.

तिसऱ्या गेमला गोष्ट किचकट होते, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. बॉल खिशात जातो, आवाजही बरा येतो, पण दहा नंबरची पिन उभी. तिच्या पुढची सहा नंबरची पिन उडून जाण्याऐवजी गटरमध्ये मरगळून पडलेली. मनात येतं, बॉल नीट वळला नाही. मग माणूस उजवीकडे सरकतो, म्हणजे आणखी कोरड्या भागावर. किंवा आणखी जोरकस बॉल काढतो. दोन्ही उपायांनी दुखणं वाढतं.

ही मरगळ दोन अगदी उलट कारणांनी येते. एक, बॉल वळलाच नाही, तेलावरच राहिला. दोन, बॉल फार लवकर वळला, त्याची सगळी ताकद वाटेतच खर्च झाली आणि पिनजवळ तो नुसता सरळ गडगडत आला. पिन दोन्हींत सारखीच उभी राहते. फरक कळतो तो ४५ फुटांवर. तिथे बॉल अजून घसरताना दिसला तर पहिलं कारण: खरबरीत बॉल घ्या, वेग जरा कमी करा किंवा एखादा बोर्ड उजवीकडे जा. तिथे बॉल वळून झालेला आणि सरळ रेषेत चाललेला दिसला तर दुसरं: तीन-चार बोर्ड डावीकडे सरका आणि नजरही निम्मी सरकवा, नाहीतर गुळगुळीत पर्ल काढा. लीगच्या तिसऱ्या गेमला रिॲक्टिव्ह टाकणाऱ्या चार-पाच जणांनी लेन वापरलेली असेल, तर बहुधा दुसरंच असतं.

याउलट सहा नंबरची पिन भिंतीवरून येऊन दहाच्या गळ्याभोवतीनं गेली आणि दहा तरीही उभी राहिली, तर मोठं काही करू नका. अर्धा बोर्ड इकडे-तिकडे, किंवा तेच परत. पाच नंबरची पिन किंवा आठ-दहाचा स्प्लिट राहिला तर टोला हलका बसला. तीन-सहा-दहा राहिल्या, किंवा चार-सहा-सात-दहा, तर बॉल हेड पिनवर फार भरून बसला.

लेनवर प्लास्टिक आणि युरेथेनवालेच जास्त असतील तर तेल पुढे ढकललं जातं आणि कोरड्या भागात त्याचा पातळ थर बसतो. तेव्हा बॉल उशिरा वळतो आणि खिशाला उजवीकडून चुकतो. मग डावीकडे धावू नका. थोडं उजवीकडे, किंवा जरा खरबरीत बॉल.

डावी आणि उजवी लेन सारखी असेल असंही धरून चालू नका. मान्यताप्राप्त लेनमध्येही उंचसखलपणा ०.०४० इंचापर्यंत, म्हणजे सुमारे एक मिलिमीटरपर्यंत, चालतो, आणि बॉलला तेवढा उतार पुरतो. दोन लेनसाठी पायांचे दोन वेगळे आकडे लक्षात ठेवायची लाज बाळगू नका.

मॉलमधल्या लेनवर, रॅकवरचा बॉल घेऊन

पुण्या-मुंबईतले बहुतेक लोक मॉलमध्ये, तासावर पैसे देऊन, रॅकवरच्या बॉलने खेळतात. वरचं सगळं तिथे फुकट जात नाही. बॉल पॉलिएस्टरचा, म्हणजे तो वळणार नाही. उगाच मनगट पिळू नका, दुखेल. रॅकवरून वजनापेक्षा अंगठ्याचं भोक बघून बॉल निवडा: अंगठा पूर्ण आत, जरा फिरवता येईल इतका सैल, आणि दोन्ही बोटं दुसऱ्या पेरापर्यंत. हात जरा उजवीकडे ठेवून दुसऱ्या ॲरोवरून खिशाकडे तिरपी सरळ रेष धरा. तेल किती जुनं आहे याची इथे फारशी चिंता नको, प्लास्टिकला त्याचं विशेष काही नसतं. स्वतःचा रिॲक्टिव्ह बॉल घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर सगळ्यात गुळगुळीत, सगळ्यात कमी ताकदीचा न्या, आणि सरावात आधी बाहेरची रेष तपासा. पार्टीच्या गर्दीनंतरच्या लेनवर तेल कुठेही सापडू शकतं, आणि कुठे कुठे सरबतही.

बॉल जिवंत ठेवणं

प्रत्येक शॉटनंतर मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने तेलाची कडी पुसा. कवच ते तेल पिऊन टाकण्याआधीच पुसलेलं बरं. पातळ क्लीनर खेळ चालू असताना वापरायला यूएसबीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून बंदी घातली. खेळ संपला की मात्र लगेच क्लीनरने स्वच्छ करा. बॉल कोमट असताना तेल लवकर निघतं, दुसऱ्या दिवशी नाही.

पन्नास-साठ गेमनंतर रिॲक्टिव्ह बॉल मंदावला असं वाटलं तर आधी घासून बघा. तरीही फरक पडला नाही तर मुरलेलं तेल काढा: भोकांवर टेप लावून बॉल बादलीत ठेवा, हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. वीस मिनिटांनी वर तेलाचा तवंग दिसेल. पुसा, पाणी बदला, तवंग येईनासा होईपर्यंत पुन्हा करा. मग एक रात्र वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी पॅड फिरवा, कारण या आंघोळीनंतर पृष्ठभाग पूर्वीसारखा राहत नाही. उकळतं पाणी नको, हेअर ड्रायर एका जागी धरून ठेवणंही नको. कवच आणि गाभा वेगवेगळ्या गतीने फुगतात आणि भोकांच्या मधल्या पट्टीला चीर जाते. एप्रिल-मे महिन्यांत गाडीच्या डिकीत बॉल ठेवून ऑफिसला गेलात तरी हेच होतं. लीगच्या दिवशी बॉल खांद्यावर घेऊन लिफ्टने वर न्या, टेबलाखाली ठेवा; कुणी विचारलंच तर कलिंगड आहे म्हणून सांगा.